गोड्या विहिरीबद्दल मी लिहिलेलं वाक्य

आमचं गाव रेल्वेमुळे वसलं, हे इथला कुणीही सांगेल. ते कुणी वसवलं याबद्दल मात्र मी एकदा खोटं लिहिलं, आणि ते छापून आलं.

नांदुऱ्याच्या बाजूला मेन लाइनवर आमचं स्टेशन आहे. दोनच पॅसेंजर थांबतात, बाकी गाड्या धूळ उडवत निघून जातात. स्टेशनाच्या एका अंगाला बाजारओळ, कापसाचा बंद पडलेला जिन आणि आमचं हायस्कूल. दुसऱ्या अंगाला, रुळांना अगदी लागून, बौद्ध वस्तीची बावीस घरं आणि त्यांच्यामध्ये एक दगडी विहीर. मूळ गाव इथून दोन कोसांवर होतं. ते आता नावापुरतं उरलं आहे आणि त्याचं नाव स्टेशनाच्या पाटीवर आलं आहे.

हा सगळा भाग खारपाणपट्टा. हातपंप मारला तरी पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली तर दुपार होते, डाळ टणकच राहते. फक्त रुळांलगतच्या त्या विहिरीचं पाणी गोड आहे. तिला सगळे गोडी विहीर म्हणतात.

आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा संस्थेनं स्मरणिका काढायचं ठरवलं. मी तिथं मराठी आणि इतिहास शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे रोज जात होतो. माझ्या नेमणुकीला मान्यता नव्हती आणि सहा वर्षं पगार नव्हता. माझी बायको चिखलीची, तिकडे माहेरी तिला कधी काही कमी पडलं नव्हतं. इथं ती ब्लाउज शिवून घर चालवत होती. मान्यतेची फाइल पुढं सरकायची तर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागत होती, आणि अध्यक्ष म्हणजे जिन ज्यांचा होता त्या घराण्यातले. स्मरणिकेत ‘आपलं गाव कसं वसलं’ हा लेख मी लिहावा असं त्यांनीच सुचवलं.

मी मनापासून कामाला लागलो. वस्तीतला एक म्हातारा रेल्वेत गँगमन होता, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे लाइनीवरच राबले होते. त्याच्या पत्र्याच्या छपराखाली मी तीन दुपारी वही घेऊन बसलो. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मला मास्तर म्हणायचा आणि अहोजाहो करायचा.

“मास्तर, इथं ठेसन व्हायचंच नोतं,” तो म्हणाला. “लाइन टाकत टाकत आमचे लोक आले. खडी फोडाची, माती वाहाची. अन् इंजिनाले पाणी पाह्यजे. खारं पाणी बॉयलरले चालत नाई, खपली धरते. मंग साहेब म्हणे पाणी हुडका. आता आमच्या लोकाले कोनतं यंत्र येते? जिथं मुक्काम पडे तिथं खड्डा करत अन् त्या पाण्यात आमच्या बाया डाळ टाकत.”

“डाळ?”

“हाव ना. खाऱ्या पाण्यात शिजते का? सात मुक्काम झाले, डाळ काही शिजेना. लोक दातानं फोडून खात. इथं आले अन् माह्या पणज्याच्या मायनं चुलीवर गंज ठेवला, तं डाळ वरण होऊन गेली. मुकादमानं साहेबाले नेऊन दाखोलं. साहेबानं बोट घालून चाखली म्हणतात.” तो हसला. “चटका बसला असन त्याले. मंग इथं हीर खंदली. आमच्याच लोकाईनं. हीर झाली म्हणून ठेसन झालं. ठेसन झालं म्हणून जिन आला. जिन आला म्हणून तुमचे आजोबा दुकान घेऊन आले, अन् तुमी मास्तर झाले.”

मी हे सगळं वहीत जसंच्या तसं उतरवलं. असा इतिहास मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

तिसऱ्या दुपारी निघताना मी सहज विचारलं, “मग पुढे विहीर तुमचीच राहिली ना?”

“बाजार बसला तसं आमाले म्हणे लांब उभे राहा. खंदली आमी अन् मागून पाणी घ्या आमीच. तुमच्या आजीनं माह्या मायच्या पितळी गुंडात वरतून पाणी वतलं हाये, मास्तर. म्या पाह्यलं. लहान होतो. हे बी लिव्हता का?”

मी लिहितो म्हणालो. वहीत लिहिलंही.

लेखाचा पहिला मसुदा मी अध्यक्षांकडे नेला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. “चांगलं लिहिलं सर. फक्त ते विहिरीचं जरा पाहून घ्या. आमच्या घरात तं असं सांगतात का ते काम आमच्या पणजोबानं केलं. कोणाचं खरं, कोणाचं खोटं, आता कोण सांगणार?” एवढंच. फाइलचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

घरी येऊन मी ते वाक्य बदललं. अध्यक्षांनी फक्त ‘पाहून घ्या’ म्हटलं होतं. ‘काही सांगतात असं, काही तसं’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मी लिहिलं: ‘पाण्यावाचून तळमळणाऱ्या या भूमीत अध्यक्षांच्या पणजोबांनी स्वतःच्या शेतात गोडी विहीर खोदवून घेतली आणि पुढे जिनमध्ये मजुरीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांना तिच्याभोवती आसरा दिला.’ ‘स्वतःच्या शेतात’ माझं. ‘आसरा दिला’ हेही माझंच. आणि खरं सांगायचं तर अध्यक्षांची भीती हे अर्धंच कारण होतं. वरून पाणी ओतणारी माझी आजी त्या लेखात यायला नको होती. पणजोबा आले की आजी आपोआप गेली.

स्मरणिकेत त्या म्हाताऱ्याचा फोटो आम्ही छापला, खाली ‘ज्येष्ठ नागरिक’ असं लिहिलं. चार-पाच महिन्यांनी माझी मान्यता आली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही ते मला आजही माहीत नाही.

बारा वर्षं गेली. मग तिसऱ्या लाइनीचं काम निघालं. मोजणीवाले आले, घरांच्या भिंतींवर लाल रंगानं आकडे पडले. बावीसच्या बावीस घरं नव्या रुळांखाली जाणार हे पहिल्याच आठवड्यात कळलं. भांडण घरं वाचवण्याचं नव्हतंच. ही माणसं कोण म्हणून उठवली जाणार, हा प्रश्न होता. मूळ रहिवासी ठरली तर घराचा मोबदला आणि स्टेशनापलीकडे पक्का प्लॉट. सातबारा अध्यक्षांच्या घराण्याचा, त्यामुळे त्यांच्या जमिनीवर आसऱ्याला आलेले मजूर ठरली तर हातात काहीच नाही, सगळं जमीनमालकाला. अध्यक्षांच्या वकिलानं भूसंपादन अधिकाऱ्याकडे हरकत दाखल केली आणि सोबत पुरावा म्हणून स्मरणिकेचं एक पान जोडलं.

हे मला त्या म्हाताऱ्याच्या नातीनं सांगितलं. ती दहावीला माझ्याच वर्गात होती, आता तालुक्याला वकिली करते. मधल्या सुट्टीत ती शिक्षक खोलीत आली आणि झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

“सर, हे तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“आज्यानं तुम्हाला असं सांगितलं होतं?”

बाकीचे शिक्षक डबे खात होते. एकानं खायचं थांबवलं.

“बरीच वर्षं झाली,” मी म्हणालो.

“तुम्ही वही घेऊन यायचे. मी तेव्हा सातवीत होते, मला आठवते. निळ्या पुठ्ठ्याची. ती वही आहे का, सर?”

“रद्दीत गेली असेल.”

तिनं मान हलवली आणि झेरॉक्स घडी करून पर्समध्ये ठेवली. “सुनावणी पुढच्या सोमवारी आहे,” एवढं म्हणून ती गेली.

वही रद्दीत गेली नव्हती. ती आमच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, बँकेच्या कागदांखाली होती. मी ती जपून का ठेवली होती हे मला सांगता येणार नाही. टाकून देता आली असती.

त्या आठवड्यात दोन फोन आले, दोन्ही अध्यक्षांचे. पहिल्यात त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली. दुसऱ्यात म्हणाले, “सर, सोमवारी तुमाले तिकडं यायची गरज नाई. मी वकिलाले सांगून ठेवलं. उगाच शाळा बुडते.” आवाज नेहमीसारखा मऊ होता. मी हो म्हणालो.

बायकोनं ते बोलणं ऐकलं. रविवारी सकाळी मी कपाटातून वही काढली तेव्हा ती दारात उभी होती.

“आठ वर्षं राह्यली नोकरीची,” ती म्हणाली. “पोरीची अ‍ॅडमिशन हाये. एवढी वर्षं गप बसले, आताच काऊन?”

“तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.”

“तेव्हा मी ब्लाउज शिवत होते रात्रंदिवस. तेव्हा तुमी बोलले असते तं मी काय म्हटलं असतं, माहीत हाये?”

“काय?”

“ते आता मलेच आठवत नाई,” ती म्हणाली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. पण वही तिनं हिसकावली नाही.

मी रूळ ओलांडून वस्तीत गेलो. भर दुपार होती. म्हातारा त्याच छपराखाली बाजेवर बसला होता, आता त्याला फारसं दिसत नव्हतं. भिंतीवर त्याच्या डोक्यामागे लाल रंगात अकरा आकडा होता. शेजारची चार-पाच माणसंही होती. मला पाहून कुणी ‘या’ म्हटलं नाही.

“कोन हाये?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“स्मरणिकेवाले मास्तर,” एक जण म्हणाला. दुसरा हसला.

“वही सापडली,” मी म्हणालो.

नात आतून आली, पण तिनं हात पुढं केला नाही. म्हातारा म्हणाला, “आधी ते छापेल वाचा.”

“बाबा, ते आता...” मी म्हणायला लागलो.

“मले वाचता येत नाई, मास्तर. बारा साल झाले, ते पुस्तक पेटीत ठेवलं होतं म्या. फोटो हाये माहा म्हणून. हिनं वाचून दाखोलं तवा समजलं. पन तुमच्या तोंडून ऐकाचं हाये. वाचा.”

नातीनं स्मरणिका आणून दिली. मी उभ्यानंच ते वाक्य वाचलं. ‘आसरा दिला’ हे शेवटचं मी घाईनं पुटपुटलो. म्हातारा म्हणाला, “मोठ्यानं.” मी पुन्हा वाचलं.

“बेस लिव्हलं,” तो म्हणाला. “माह्यापेक्षा बेस लिव्हलं.”

कुणी हसलं नाही. मला त्याच्याशी क्षमेचं काही बोलायचं होतं. रूळ ओलांडताना मी वाक्यं जुळवलीही होती. पण वाक्यं जुळवण्याची हीच माझी खोड होती, म्हणून मी फक्त वही नातीच्या हातात दिली.

“वहीनं काही होत नाही, सर,” ती म्हणाली. “तुम्हाला उभं राहून सांगावं लागते.”

सोमवारी मी गेलो. अधिकाऱ्याची खोली लहान, माणसं दारापर्यंत. अध्यक्ष पहिल्या खुर्चीवर होते. मला पाहून त्यांनी नमस्कार केला, तोही नेहमीसारखाच. वस्तीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. म्हाताऱ्यासाठी कुणीतरी स्टूल आणलं होतं.

माझा नंबर आला. मी सांगितलं की छापलेलं वाक्य खोटं आहे, मला तीन दुपारी जे सांगितलं गेलं ते या वहीत आहे. अधिकाऱ्यानं वही चाळली. त्यात मी केलेल्या खाडाखोडी होत्या, लेखाचे कच्चे मसुदे होते, आजीबद्दलच्या चार ओळींवर निळ्या शाईची आडवी रेघ होती.

“ही रेघ कोणी मारली?”

“मी.”

“मग छापलेलं खरं की खोडलेलं खरं?”

“खोडलेलं.”

“मग खोटं का छापलं?”

“नोकरीची भीती होती,” मी म्हणालो. “आणि लाजही होती. ज्या बाईबद्दल लिहिलं आहे ती माझी आजी.”

अध्यक्षांचा वकील उठला. तरुण होता, बोलायला चांगला. “सर, तेव्हा तुम्ही भीतीनं लिहिलं म्हणता. आज कोणाच्या भीतीनं बोलून राह्यले? यांच्या का?” त्यानं भिंतीकडे हात केला. दोघे-तिघे हसले.

मी म्हणालो, “आज खरं बोलतोय.”

“तेव्हाही सही करताना खरंच बोलत होते ना? लेखाखाली नाव तुमचंच आहे.”

हे त्याचं बरोबर होतं. मी नातीकडे पाहिलं. ती कागद लावत होती, तिनं मान वर केली नाही. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की माझं खरं बोलणं आता कुणाच्याच उपयोगाचं राहिलेलं नाही. एकदा छापून मी ते आधीच निकामी करून ठेवलं होतं, आणि बावीस घरं त्याच्यावर टेकून उभी राहिली तर माझ्याबरोबर तीही कोसळणार होती.

मला बसायला सांगितलं. मग ती उठली. तिनं काही महिन्यांपूर्वी माहिती अधिकारात रेल्वेकडे अर्ज केला होता, त्याचं उत्तर शनिवारी पोस्टानं आलं होतं. जुन्या नकाशाची शिक्का मारलेली प्रत. तिनं ती टेबलावर पसरली. आडवी लाइन, तिच्या कडेला विहिरीचा गोल आणि गोलाभोवती आठ छोटे चौकोन. चौकोनांपाशी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: गँगच्या झोपड्या. जिनची जागा नकाशात मोकळी होती.

“तेव्हा जिन नव्हता, साहेब,” ती म्हणाली. “मग मजुरीला कुठं आले आमचे लोक?”

वकिलानं नकाशा हातात घेतला, दोनदा फिरवून पाहिला आणि पुढची तारीख मागितली.

पुढच्या तारखांना मला कुणी बोलावलं नाही. शाळेत माझ्याकडून दहावीचा वर्ग काढून घेतला, ग्रंथालय दिलं. अध्यक्ष अजून नमस्कार करतात. बाजारओळीत माझ्या चुलतभावानं मला टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं, “आजीले कशाले कोर्टात नेलं बे?” मी चहा संपवून निघालो.

निकाल लागला तो वस्तीच्या बाजूनं. आदेशाची प्रत मी तालुक्याला जाऊन स्वतः वाचली. रेल्वेच्या नकाशावरून बावीसही कुटुंबं मूळ रहिवासी धरली होती. माझ्याबद्दल एक ओळ होती: सदर शिक्षकाचे छापील व तोंडी कथन परस्परविरोधी असल्याने दोन्ही विचारात घेतलेली नाहीत. मी ती ओळ तिथल्या बाकावर बसून बऱ्याचदा वाचली. मला राग आला नाही. थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली.

दोन दिवसांनी नातीचा फोन आला. “सर, मोबदल्याचे फॉर्म भरायचे आहेत. बावीस. शनिवारपर्यंत द्यायचे. तुम्ही मोकळे आहात का?”

मी गेलो. छपराखाली टेबल मांडलं होतं. तिनं फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

“मी सांगते तेवढंच लिहा. लिहून झालं की ज्याचा त्याला वाचून दाखवा. मगच तो सही करेल.”

पहिला फॉर्म म्हाताऱ्याचा. नाव लिहिलं, घराचा आकडा लिहिला. ‘किती वर्षांपासून वास्तव्य’ या रकान्यापाशी आलो.

“आज्या, किती वर्षं लिहू म्हणतात?” नातीनं विचारलं.

“लाइन पडली तवापासून.”

“तिथं आकडा पाहिजे, आज्या.”

“आकडा साहेब टाकन त्याले पाह्यजे तं. तुमी लिव्हा, मास्तर. लाइन पडली तवापासून.”

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान शेजारच्याकडे वळवली. “पाह्य रे, तेच लिव्हलं का.”

शेजारचा माझ्या खांद्यावरून वाकला. त्यानं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं.

“हाव,” तो म्हणाला. “तेच हाये.”

मग म्हाताऱ्यानं पेन मागितला.